चौदाव्या वर्षी हात सुटतो



वडशाच्या कुठल्याही पानठेल्यावर दहा मिनिटं उभे राहा. एकच रड ऐकू येईल: आजकालचे पोट्टे बिघडले. मास्तर म्हणतो, घरी वळण नाही. बाप म्हणतो, शाळेत शिकवत नाहीत. दोघं एकमेकांकडं बोट दाखवतात. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो पोरगा तिथंच उभा असतो. त्याला कोणी विचारत नाही.

आमचं म्हणणं सरळ आहे. पोरगा बिघडत नाही, त्याचा हात सुटतो. तो कधी सुटतो ते बघा.

शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा. लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. सहा ते चौदा वर्षांपर्यंत शिक्षण फुकट आणि सक्तीचं, म्हणजे आठवीपर्यंत. पुढं तुमचं तुम्ही बघा. ज्या वयात पोराचा आवाज फुटतो, पोरीला आरशाची भीती वाटायला लागते, आपली जात काय आणि गावात आपली जागा कुठली हे नीट कळायला लागतं, त्याच वयात कायदा हात झटकून मोकळा होतो. कायद्यानं सोडलं तर घरानं आणि शाळेनं जास्त घट्ट धरायला पाहिजे. होतं उलटंच. घर म्हणतं, आता मोठा झालास, कमव. शाळा म्हणते, दहावीचा निकाल खाली येईल, हा नकोच.

चौदा वर्षांचं पोर काय करू शकतं? 1855 साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखावरचा एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी, वय चौदा. तिनं पेशवाईला आणि धर्माला उभंआडवं फाडलं. कारण त्या शाळेनं तिला नुसती बाराखडी दिली नाही, प्रश्न विचारायची परवानगी दिली. आज आपल्या शाळेत चौदा वर्षांच्या पोरीनं उलटा प्रश्न केला तर तिला काय मिळतं? छडी मिळते. छडीला आणि मानसिक छळाला याच कायद्याच्या कलम 17 नं बंदी घातलीय. पण कलम पुस्तकात, छडी हातात.

आता आपल्या झाडीपट्टीकडं या. दिवाळी झाली, धान घरात आलं की गावोगाव नाटकं सुरू होतात. कंपन्यांची ऑफिसं वडशात. पण गावात नाटक आणतं कोण? तिथलं पोरांचं मंडळ. शाळेनं ज्याला 'ढ' म्हणून मागच्या बाकावर टाकला, तोच पोरगा कंपनीशी बोलणी करतो, मंडप उभारतो, तिकिटं खपवतो, रातभर गर्दी आवरतो आणि सकाळी मंडळापुढं हिशेब ठेवतो. हे त्याला कुठल्या मास्तरानं शिकवलं? कोणीच नाही. त्याच्यावर विश्वास टाकून जबाबदारी दिली, एवढंच झालं. मग शाळेचं वाचनालय, खेळाचं सामान, सहलीचा हिशेब पोरांच्या हाती द्यायला काय जातं?

दुसरी बाजू पण बोलू. खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून पोरांच्या गालात बसलाय. पण पोरगा पहिल्यांदा ठेल्यावर गेला तो कोणाच्या सांगण्यावरून? "जा रे बाबू, एक खर्रा घेऊन ये." बापानंच धाडलं होतं. आता बापच विचारतो, हे व्यसन कुठून लागलं!

वैनगंगेचा पूल ओलांडला की ब्रह्मपुरी. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी 1993 पासूनची. पलीकडं चंद्रपूर जिल्ह्यात ती 2015 ला आली अन् 2021 ला उठली. म्हणजे एकाच पुलावरून कॉलेजलाही जाता येतं आणि दारूच्या दुकानालाही. पुलाला शिव्या देऊन उपयोग नाही. सोळा वर्षांचा पोरगा कुठल्या कामानं पलीकडं जातो, हे त्याच्या खिशात बसचा पास आहे की नाही आणि संध्याकाळी घरी त्याची कोणी वाट बघतं की नाही, यावर ठरतं.

गोदीत भरलेली गोण कोणी एकट्यानं पाठीवर घेत नाही. दोघं उचलून देतात, तिसरा सावरतो. नाहीतर मणका गेलाच. पोराच्या पाठीवरच्या ओझ्याचंही तेच.

पहिला हात घराचा. "आम्ही अडाणी, आम्हाला काय कळतं," हे बहाणे बंद करा. परळच्या चाळीत एका खोलीत रामजी सुभेदार रात्री दोनला भीमरावांना अभ्यासाला उठवायचे. पुस्तकाला पैसे नसले की लेकीकडून दागिना मागून गहाण टाकायचे. आज दागिना नसेल, पण विचारायला पैसे पडत नाहीत. आज शाळेत काय झालं, कोणी काय बोललं, कशाची भीती वाटते, हे रोज विचारा आणि उत्तर येईपर्यंत मोबाइल खाली ठेवा. पोरगी अभ्यासाला बसली की भांडी तिच्याच वाट्याला का? भावाला हात नाहीत? आणि सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत चारातले तीन जण पालक असायला पाहिजेत, त्यातही निम्म्या बाया, असं कायदाच सांगतो. तिथं गावच्या पुढाऱ्याचा माणूस तुमच्या नावावर अंगठा मारून जातो. त्या खुर्चीवर जाऊन बसा.

दुसरा हात शाळेचा. अनुसूचित जातीच्या पोरांसाठी मॅट्रिकनंतरची स्कॉलरशिप 1944 पासून आहे. पण जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला कुठं काढायचा, फॉर्म कधी भरायचा, हे नववीतच सांगणारा मास्तर किती ठिकाणी? सांगितलंच तर भर वर्गात, "एससीवाले उभे राहा." एवढ्यानं पोरगं वर्षभर मान वर करत नाही. नाव हळू घ्यायला काय लागतं? अंगातल्या बदलांबद्दल, प्रेमाबद्दल, पाळीबद्दल सरळ बोला. याच जिल्ह्यात डॉ. राणी बंग यांनी 'तारुण्यभान'मधून पोरापोरींशी हे उघड बोलून दाखवलंय. आभाळ कोसळलं नाही.

तिसरा हात आपला. केळुसकर गुरुजी भीमरावांच्या शाळेचे मास्तर नव्हते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला पोरगा त्यांनी पाहिला आणि विचारपूस केली. 1907 ला तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हाती दिलं. पुढं सयाजीरावांकडं शब्द टाकला, तेव्हा महिना 25 रुपयांची स्कॉलरशिप सुरू झाली. पगार नाही, नातं नाही, जातही एक नाही. तरी हात दिला.

मग आपण काय करतो? 14 एप्रिलच्या डीजेला वर्गणी गोळा होते. त्याच वर्गणीतून वस्तीच्या विहारात एक ट्यूबलाइट, चार बाकं आणि रोज संध्याकाळी दोन तास बसणारा एक शिकलेला पोरगा का उभा राहू नये? तुमच्यातला जो बारावी झालाय त्यानं नववीतले तीन जण धरावेत. फॉर्म भरून द्यावेत. दाखल्यासाठी तहसीलला सोबत जावं. आणि त्यातला एखादा शाळेत दिसेनासा झाला तर तिसऱ्या दिवशी त्याच्या दारात उभं राहावं.

शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्याआधी आपापल्या वस्तीतल्या नववी-दहावीच्या पोरापोरींची यादी करा. कोण शाळेत आहे, कोण विटाभट्टीवर, कोणाचं लग्न ठरतंय, सगळं लिहा. ती यादी घेऊन मास्तराकडंही जा आणि बापाकडंही जा.

जय भीम!