एनसीच्या कागदापलीकडे

नवऱ्याने मारलं म्हणून पोलीस ठाण्यात गेलेली बाई अनेकदा अदखलपात्र नोंदीचा, म्हणजे एनसीचा, कागद घेऊन परतते. न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्यावर तपास होत नाही. खरं तर छळासाठी भारतीय न्याय संहितेची कलमं ८५ आणि ८६ आहेत, पूर्वीचं ४९८-अ. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या अर्नेश कुमार निकालानंतर अशा प्रकरणात सरसकट अटक होत नाही, आणि ते योग्यच आहे. पण अटक टाळणं म्हणजे गुन्हा न नोंदवणं नव्हे.

दुसरी वाट २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याची. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. राहतं घर, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा एकाच अर्जात मागता येतो; आई, बहीणही मागू शकते. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद. निकाल शक्यतो ६० दिवसांत द्यावा, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. जिथे संरक्षण अधिकाऱ्याचं काम अतिरिक्त कार्यभार म्हणून दिलेलं असतं, तिथे दुसरं काय होणार? मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा आणि तालुका पातळीवर हे अधिकारी नेमण्याचे आदेश राज्यांना दिले. आमची मागणी साधी आहे: प्रत्येक पोलीस ठाण्याच्या दर्शनी फलकावर त्या तालुक्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर लिहा.