टोटल लॉस गाडीचा गुन्हा काय?

विमा कंपनीने एकदा टोटल लॉस ठरवलेली गाडी दुरुस्त करून रस्त्यावर आणणे म्हणजे चालती तिरडी रस्त्यावर आणणे, असे मत मोटारींविषयी अधिकारवाणीने लिहिणाऱ्या एका गृहस्थांनी मांडले आहे. त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. सर्व्हेअरने गाडी पाहिली, ती गेली असे लिहून दिले, तिथे विषय संपला. त्यानंतर ती लिलावात घेणारा दलाल लबाड, ती उभी करणारा गॅरेजवाला गुन्हेगार आणि ती विकत घेणारा हावरट. उदाहरणासाठी त्यांनी सुरत निवडले आहे, कारण तिथे पूर येतो आणि तिथल्या बुडालेल्या गाड्या धुवूनपुसून नवापूरमार्गे धुळे-जळगावकडे जातात. उपाय एकच: अशी प्रत्येक गाडी सरसकट चिरडून टाकावी. मत ठाम आहे, वाचणाऱ्याला सोयीचेही आहे. पण ते ज्या पायावर उभे आहे तो पायाच चुकीचा आहे.

तो पाया म्हणजे टोटल लॉस हा गाडीच्या प्रकृतीचा निर्णय आहे, ही समजूत. प्रत्यक्षात तो हिशेबाचा निर्णय आहे. मोटार विम्याच्या टॅरिफमधून आलेला आणि पॉलिसीच्या मजकुरात छापलेला नियम असा: गाडी सोडवून आणण्याचा व दुरुस्तीचा एकूण खर्च, पॉलिसीच्या अटी धरून, आयडीव्हीच्या म्हणजे विम्यासाठी ठरलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला, की गाडी कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस. आता ही आयडीव्ही कशी ठरते ते पाहा. सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीच्या यादीतल्या किमतीतून 5 टक्के वजा होतात. चार वर्षे पुरी होऊन पाचवे लागले की 50 टक्के. पाच वर्षांनंतर ग्राहक आणि कंपनी यांच्यात जे ठरेल ते. समजा, 8 लाख किमतीच्या एकाच मॉडेलच्या दोन गाड्या एकाच सोसायटीच्या तळघरात उभ्या आहेत. एक चार महिन्यांची, दुसरी साडेचार वर्षांची. दोन्हींत सारखेच पाणी शिरले आणि कंपनीच्या वर्कशॉपने दोन्हींचे इस्टिमेट सव्वातीन लाखांचे काढले. जुनीची आयडीव्ही 4 लाख, तिची मर्यादा 3 लाख, म्हणून ती टोटल लॉस. नवीची आयडीव्ही 7 लाख 60 हजार, मर्यादा 5 लाख 70 हजार, म्हणून ती दुरुस्त होऊन मालकाच्या दारात परत. पाणी तेच, चिखल तोच, खराब झालेले भागही तेच. एकीला तिरडी म्हणायचे आणि दुसरीकडे मान वळवूनही पाहायचे नाही, याला तांत्रिक आधार कुठला? आणखी पुढे जाऊ. तीच नवी गाडी पुराऐवजी महामार्गावर ट्रकला धडकली, सांगाड्याचे पुढचे दोन्ही लेग वाकले, अ‍ॅप्रन चेपले, एअरबॅग फुटल्या, आणि इस्टिमेट साडेपाच लाखांवर थांबले, तर नियमाप्रमाणे ती टोटल लॉस नाही. ती सरळ होते, रंगते, आणि वर्षभराने ‘कंपनी मेन्टेन्ड’ म्हणून विकली जाते. आमच्या टीकाकारांच्या यादीत तिचे नाव कुठेच नाही. आतल्या सांगाड्याला धक्काही न लागलेली साडेचार वर्षांची गाडी त्यांना चिरडायची आहे, आणि सांगाडाच वाकलेली चार महिन्यांची गाडी त्यांच्या नियमातून सहीसलामत सुटते. सुरक्षिततेचा कळवळा असणाऱ्याला हे आधी दिसायला हवे होते.

इस्टिमेटचा आकडा तरी काय मोजतो? कंपनीचे वर्कशॉप दुरुस्तीपेक्षा बदलीवर चालते. वायरिंग हार्नेसच्या चार कनेक्टरांना हिरवट गंज चढला तर अख्खा हार्नेस बदलायचा, सीटचा फोम भिजला तर अख्खी सीट. त्यांना वॉरंटी द्यायची असते, त्यामुळे त्यांच्या जागी ते बरोबर आहे. पण तेच काम कसबी ऑटो इलेक्ट्रिशियन हार्नेस उघडून, एकेक वायर तपासून, खराब तेवढा तुकडा आणि कनेक्टर बदलून करतो. त्याला आठवडा लागतो, पण पैसे कितीतरी कमी लागतात. म्हणजे गाडीचे आयुष्य संपले असे जिथे सांगितले जाते, तिथे पुष्कळदा एका विशिष्ट दराने केलेली दुरुस्ती परवडत नाही एवढाच त्याचा अर्थ असतो.

पाण्याविषयी ज्यांना सरसकट बोलायचे आहे त्यांनी पाणी कुठवर चढले हे विचारायची तसदी घ्यावी. गालिच्यापर्यंतचे पाणी वेळेत काढले, मॅट आणि खालचा फेल्ट उचलून वाळवला, बेअरिंग आणि ब्रेक उघडून साफ केले, तर गाडी धडधाकट राहते. सीटपर्यंतच्या पाण्यात एअरबॅगचे कंट्रोल मॉड्यूल सापडते, कारण अनेक गाड्यांत ते मधल्या कन्सोलखाली, जवळजवळ जमिनीवरच असते. ते बदललेच पाहिजे, वाळवून चालणार नाही. सीटबेल्टचे रिट्रॅक्टर, एबीएसचे मॉड्यूल, ब्रेक ऑइल, गिअरबॉक्सचे ऑइल यांनाही तोच नियम. डॅशबोर्डच्या वर पाणी गेले की सौदा सहसा जमत नाही, आणि हे गॅरेजवाल्याला कोणी लेख लिहून सांगावे लागत नाही. इंजिनाचे तर याहून वेगळे. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला मालकाने घाबरून सेल्फ मारला नाही, तर इंजिन बहुधा वाचते. मारला, तर सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हा खर्च अनेक कंपन्या इंजिन प्रोटेक्शनची वेगळी जोड नसेल तर नाकारतात. म्हणजे एकाच पुरातल्या गाड्यांत दहा प्रकार. त्या सगळ्यांना एकच शिक्षा सुनावणारा माणूस तज्ज्ञ असेल, पण त्याने गाडीची सीट कधी उचलून पाहिलेली दिसत नाही.

सुरतेचे नाव घेतलेच आहे, तर सुरतेच्या पाण्याबद्दलही बोलले पाहिजे. ऑगस्ट 2006 मध्ये शहरापासून सुमारे 100 किलोमीटर वरच्या उकाई धरणातून तापीत सुमारे 9 लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडले गेले आणि शहराचा निम्म्याहून कितीतरी अधिक भाग पाण्याखाली गेला. अडाजण-रांदेरच्या बंगल्यांपासून कामगार वस्त्यांपर्यंत वाहने बुडाली. धरण पावसाळ्याच्या मध्यावरच इतके का भरू दिले, पाणी आधीपासून थोडेथोडे का सोडले नाही, हा वाद तेव्हापासून चालू आहे, आणि तो निसर्गाच्या माथी मारून मिटवता येईल असे मला कधीच वाटले नाही. 2024 च्या जुलैत आणि 2025 च्या जूनमध्ये तर तापीची गरजही लागली नाही. खाड्यांनीच लिंबायत, पर्वत पाटियाच्या बाजूला घरांत पाणी घातले. पाणी सोडण्याचे, खाड्या बुजवण्याचे, नाले अरुंद करण्याचे निर्णय वर कुठेतरी घ्यायचे, आणि त्या पाण्यात बुडालेली गाडी पुन्हा चालू करणाऱ्या मेकॅनिकला मात्र गुन्हेगार ठरवायचे, हा न्याय अजब आहे. याच पठडीतला दुसरा जुना वाद गाड्यांच्या वयाचा. डिझेल गाडीला दहा वर्षे, पेट्रोल गाडीला पंधरा, अशी तारीख पाहून दिल्लीत गाड्या हद्दपार करण्याचा प्रयोग झाला. गाडी किती धूर सोडते हे न मोजता तिचा वाढदिवस मोजायचा. टोटल लॉसचा शिक्का पाहून गाडी चिरडायला निघालेले लोक त्याच शाळेतले. तपासणीचे कष्ट टाळायचे आणि त्याला शिस्त म्हणायचे.

आता त्यांच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा. धडकेत सांगाडा गेलेली गाडी बाहेरून सुंदर दिसू शकते आणि आतून जीवघेणी असू शकते. हे शंभर टक्के खरे आहे. आजच्या मोनोकॉक गाडीत वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी. पिलर, रनिंग बोर्डचा आतला भाग, पुढचे लेग हे धडकेचा जोर ठरलेल्या वाटेने जिरवण्यासाठी वेगवेगळ्या ताकदीच्या पोलादाचे बनवतात. ते गॅसच्या ज्योतीवर तापवून ठोकून सरळ केले, की पोलादाचा गुण जातो. दोन गाड्यांचे अर्धे-अर्धे भाग जोडून एक गाडी करणे, फुटलेल्या एअरबॅगच्या जागी नुसते कव्हर बसवून दिवा विझावा म्हणून रेझिस्टर लावणे, हे खुनाच्या जवळ जाणारे काम आहे. ते करणाऱ्याची बाजू हा लेख घेत नाही. पाण्यात पूर्ण बुडालेल्या बॅटरीच्या इलेक्ट्रिक गाडीचीही घेत नाही. पण यातून काय सिद्ध होते? काही गाड्या परत येऊ नयेत, हे. सगळ्याच येऊ नयेत, हे सिद्ध होत नाही. ब्रिटनमध्ये हा फरक साधा कागदावर मांडला आहे. 1 ऑक्टोबर 2017 पासून तिथे विम्यातून बाद झालेल्या गाड्यांचे चार वर्ग आहेत. ए म्हणजे पूर्ण चिरडायची. बी म्हणजे बॉडी चिरडायची, सुटे भाग वापरता येतील. एस म्हणजे सांगाड्याला इजा, पण दुरुस्त होऊ शकते. एन म्हणजे सांगाडा शाबूत. अमेरिकेतही बाद गाडीच्या मालकीपत्रावर तशी नोंद होते, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा बांधलेली म्हणून वेगळी. विक्रीच्या वेळी ती समोर असते. तिथल्या लोकांना जिवाची किंमत कमी आहे म्हणून त्यांनी सगळ्या गाड्या चिरडल्या नाहीत, असे कोणी म्हणणार आहे का?

चोरीचा मुद्दाही येतो. टोटल लॉस गाडीचे आरसी आणि चासी नंबर घेऊन ते चोरीच्या गाडीवर चढवणाऱ्या टोळ्या आहेत. पोलिसांनी त्या पकडल्याही आहेत. पण अशा टोळीला मोडकी गाडी नको असते, तिचे कागद हवे असतात. गाडी खरोखर दुरुस्त करून तपासणीला नेणारा माणूस हे त्या धंद्याचे उलटे टोक आहे.

राहिला खरेदीदार हावरट असल्याचा आरोप. सुरतेतल्या लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, उधना इथली खानदेशी कुटुंबे लूमवर, डाइंग मिलमध्ये, साडीच्या दुकानांत राबतात. अखाजीच्या सणाला, लग्नाला, आजारी माणसाला पाहायला कोंडाईबारी घाट चढून गावी जातात. त्यांना नवी गाडी परवडत नाही म्हणून ती मोटारसायकलवर दाटीवाटीने बसून नाहीतर वडापच्या जीपला लटकून जातात. त्यांच्या आवाक्यातली, प्रामाणिकपणे उभी केलेली गाडी बाजारातून काढून घेतली तर ते नवी घेणार नाहीत, मोटारसायकलच वापरतील. सुरक्षिततेच्या नावाने त्यांना याहून धोकादायक वाहनावर बसवायचे, हे शहाणपण कोणाच्या हिताचे?

मग करायचे काय? माझे म्हणणे मोठे नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 55 नुसार गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने 14 दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते. पण कायमची निकामी आणि दुरुस्त होण्याजोगी यांच्यामधल्या गाड्यांना कागदावर जागाच नाही. वाहन पोर्टलवर खरेदीदाराला नोंदणीची तारीख दिसते, विमा दिसतो, कर्जबोजा दिसतो. विमा कंपनीने ही गाडी कधी टोटल लॉस केली होती का आणि कशामुळे, ते मात्र दिसत नाही. हा रकाना उघडला पाहिजे, आणि तो गाडी सुरतेच्या जीजे 05 ची धुळ्याची एमएच 18 झाली तरी पुसला जाता कामा नये. दुसरे, खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि त्या काळात तिला फिटनेस तपासणी लागत नाही. तीन वर्षांची गाडी टोटल लॉस झाली, कशीबशी उभी केली, तर उरलेली 12 वर्षे तिच्याकडे सरकारी डोळा फिरकतच नाही. अशा गाडीची एकदा, मालकी बदलण्याआधी, सांगाड्याची मापे, एअरबॅग आणि चासी नंबर यांची तपासणी झाली पाहिजे. ज्या गाडीचा सांगाडा गेला तिचे फक्त सुटे भाग विकले जावेत. यासाठी नवे खाते उघडावे लागणार नाही. सर्व्हेअरचा अहवाल आणि फोटो कंपनीकडे आधीच असतात, ते दडपून ठेवायचे थांबवले तरी निम्मे काम होते.

तोपर्यंत सुरतेत किंवा धुळ्यात अशी गाडी पाहायला जाणाऱ्याने भाव विचारण्याआधी सर्व्हेअरचा अहवाल आणि लिलावाच्या वेळचे फोटो मागावेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाचा डाग आहे का पाहावे. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून मग विझतो की नाही, हे बघावे. नवी पॉलिसी घेताना गाडीचा इतिहास विमा कंपनीला लेखी सांगावा. विकणारा कागद दाखवत नसेल, तर गाडी कितीही चकचकीत असली तरी ती घेऊ नये.