अंगण सगळ्यांना सारखंच वाकडं

दर जूनमध्ये एका दुपारी आमच्या फुटबॉलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुतक पडतं. मॅच हरलेली नसते, कोणी जखमी झालेलं नसतं. फक्त प्रीमियर लीगचं पुढच्या हंगामाचं वेळापत्रक जाहीर झालेलं असतं. १८ जून २०२५ ला ते आलं तेव्हा आमच्या आर्सेनलच्या वाट्याला पहिल्या सहा सामन्यांत मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल आणि न्यूकॅसल बाहेर आणि मँचेस्टर सिटी घरच्या मैदानावर, असं ताट वाढून आलं. पाच मिनिटांत पहिला मेसेज: "संपलो भावांनो." दुसरा: "हे लीगवाले मुद्दाम करतात." तिसऱ्याने तर लाल-हिरव्या चौकोनांचा तक्ताच टाकला, आणि आमची ओळ नुसती रक्तबंबाळ.

त्या सहा सामन्यांत आर्सेनलने १८ पैकी १३ गुण घेतले. पण समजा पाचच घेतले असते, तरी ग्रुपवर कोणाला धक्का बसला नसता. सबब जूनमध्येच तयार होती. सामना ऑगस्टमध्ये, आणि त्यात हरण्याचं कारण दोन महिने आधी छापून तयार! नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण निदान नाच बिघडल्यावर म्हणायची तरी पद्धत होती.

माझं म्हणणं सरळ आहे. प्रीमियर लीगमध्ये "आमचं वेळापत्रक अवघड आहे" हे वाक्य जवळजवळ निरर्थक आहे, आणि ते रंगीत तक्ते आपल्याला खेळाबद्दल शहाणं करण्याऐवजी आंधळं करतात.

आधी गणित उरकू. लीगमध्ये २० संघ. प्रत्येक जण उरलेल्या १९ जणांशी दोनदा खेळतो, एकदा घरी, एकदा बाहेर. ३८ सामने. म्हणजे सगळ्यांचा पेपर एकच, प्रश्नांचा क्रम तेवढा वेगळा. फरक एकच: तुम्ही स्वतःशी खेळत नाही. त्यामुळे सगळ्यात बलवान संघाचं वेळापत्रक कायम सगळ्यात "सोपं" निघतं (त्याला स्वतःशी भिडावं लागत नाही) आणि सगळ्यात दुबळ्याचं सगळ्यात "अवघड". हा फरक किती? २०२३-२४ चा शेवटचा गुणतक्ता घ्या. सिटीचे ९१ गुण, तळाच्या शेफील्ड युनायटेडचे १६. फरक ७५. त्याला १९ ने भागा. सिटीच्या आणि शेफील्डच्या प्रतिस्पर्ध्यांच्या सरासरी गुणांत चारचाही फरक पडत नाही. अख्ख्या हंगामात वेळापत्रकाच्या नावाखाली जे काही मिळतं-जातं, त्याची कमाल मर्यादा एवढी. आणि त्यातही आर्सेनल वरच्या टोकाला, म्हणजे आमचं वेळापत्रक "सोप्यां"तलं! हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा एकाने मला काढून टाकायची धमकी दिली.

"अरे पण क्रमाला काही किंमत आहे की नाही? सुरुवातीलाच सगळे दादा लोक आले तर?" हा खरा प्रश्न आहे, आणि तो विचारणाऱ्यांना वाटतं त्याच्या बरोबर उलट उत्तर त्यातून निघतं. क्रमाला किंमत आहेच. पण ती जूनमध्ये कोणालाच दिसत नाही.

२०२४-२५ चा हंगाम बघा. सिटी सलग चार वर्षांची विजेती. जूनमध्ये कुठल्याही तक्त्यात सिटीचा चौकोन गडद लाल, मग तो सप्टेंबरचा असो की डिसेंबरचा. आर्सेनल त्यांच्याकडे गेलं २२ सप्टेंबरला. मध्यंतरानंतर दहा खेळाडूंनिशी २-१ अशी आघाडी धरून ठेवली आणि ९८ व्या मिनिटाला बरोबरी पदरात पडली. त्याच सामन्याच्या पूर्वार्धात सिटीचा रॉड्री गुडघा धरून मैदानाबाहेर गेला. ज्याला पुढच्या महिन्यात बॅलन डी'ओर मिळालं, तो रॉड्री. त्याच्याशिवाय सिटी कशी उसवली ते सगळ्यांनी पाहिलं: ऑक्टोबरअखेरपासून बॉक्सिंग डेपर्यंत सगळ्या स्पर्धा मिळून १३ सामने, विजय एक. टॉटनहॅमने त्यांना त्यांच्याच मैदानात ४-० ने धुतलं. लिव्हरपूलची आणि त्यांची गाठ पडली १ डिसेंबरला, ॲनफिल्डवर, त्या घसरणीच्या ऐन मध्यात. २-० ने जिंकले.

आता सांगा, "सिटीविरुद्धचा सामना" किती अवघड? सप्टेंबरच्या पहिल्या वीस मिनिटांत एक उत्तर, डिसेंबरमध्ये दुसरं. लिव्हरपूल त्या वर्षी चॅम्पियन झाले ते केवळ या नशिबावर नव्हे. पण वेळापत्रकाने त्यांना खरंच काही दिलं असेल तर ते हे, आणि ते कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

कारण हे तक्ते मोजतात काय? बव्हंशी गेलं वर्ष. त्यावर रंग चढवला की ते भविष्य वाटायला लागतं. २०१५ च्या उन्हाळ्यात बनवलेल्या तक्त्यात चेल्सी असणार सगळ्यात लाल, ८७ गुणांची विजेती, आणि लेस्टर हिरवंगार, आदल्या वर्षी ४१ गुणांसह चौदावं. १४ डिसेंबरला लेस्टरने चेल्सीला २-१ हरवलं आणि तीन दिवसांनी मोरिन्योची नोकरी गेली. हंगामअखेर लेस्टर ८१ गुणांनी विजेते, चेल्सी ५० गुणांनी दहावी. "ते अपवादात्मक वर्ष होतं" म्हणाल. मग अलीकडचं घ्या. टॉटनहॅम एका वर्षात पाचव्या क्रमांकावरून सतराव्यावर. युनायटेड आठव्यावरून पंधराव्यावर. नॉटिंगहॅम फॉरेस्ट सतराव्यावरून सातव्यावर. हे तिन्ही एकाच हंगामात.

फॉरेस्टचं नाव काढलं की माझ्या पोटात अजून कालवतं. फँटसी लीगच्या अधिकृत ॲपमध्ये प्रत्येक सामन्याला एक ते पाच असा अवघडपणाचा आकडा असतो. तो मला अपुरा वाटला म्हणून, इंजिनिअर असल्याच्या माजात, मी स्वतःची पायथन स्क्रिप्ट लिहिली. मागच्या हंगामाचे गुण, झालेले-खाल्लेले गोल, घर-बाहेरचा फरक, सगळं घालून सुंदर रंगीत तक्ता. १४ सप्टेंबर २०२४ च्या चौकोनात लिव्हरपूलसमोर माझ्या स्क्रिप्टने अख्ख्या महिन्यातला सगळ्यात हिरवा रंग भरला होता: घरी, समोर आदल्या वर्षीचा सतरावा संघ. मी सालाहला कॅप्टन केलं. शनिवारी संध्याकाळी साडेसातला चहा घेऊन बसलो. फॉरेस्ट १-० ने जिंकलं. ॲनफिल्डवर १९६९ नंतर पहिल्यांदाच.

तेव्हा मी "नशीब" म्हणून सोडून दिलं. दोनेक महिन्यांनी फॉरेस्ट वरच्या फळीत ठाण मांडून बसलेलं दिसल्यावर कळलं, की नशिबाचा संबंध नव्हता. तो सामना अवघडच होता. चूक मोजपट्टीची होती. ऑफिसात आम्ही कामाला पॉइंट देतो, एक, दोन, तीन, पाच, आणि मग त्या पॉइंटांची बेरीज करून तारीख सांगतो, जणू काही ते किलोग्रॅम आहेत. सगळ्यांना ठाऊक असतं की ते अंदाज आहेत. तरी आकडा एकदा खान्यात बसला की त्याला कोणी अंदाज म्हणत नाही.

एक कबूल करायला हवं. काही हिरवे चौकोन खरे असतात. खालच्या विभागातून वर आलेले तिन्ही संघ २०२३-२४ मध्ये परत खाली गेले आणि २०२४-२५ मध्येही तिन्ही गेले. त्या दुसऱ्या वर्षी लेस्टर, इप्सविच आणि साउथहॅम्प्टन यांनी मिळून ५९ गुण केले, त्यात साउथहॅम्प्टनचे १२. त्यांच्याशी सामना म्हणजे सोपा सामना, हे बहुतेक वेळा खरं निघालं. पण ते सगळ्यांसाठीच खरं होतं. साउथहॅम्प्टन घरी-बाहेर प्रत्येकाच्याच ताटात वाढलेलं होतं.

वेळापत्रकाचा अवघडपणा मोजणं ही कल्पनाच मूर्खपणाची, असं मी म्हणत नाही. जिथे सगळे सगळ्यांशी खेळत नाहीत तिथे ती मोजावीच लागते. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये ३२ संघ, पण प्रत्येकाचे सामने फक्त १७. तिथे तुमच्या वाट्याला कोण येतं याने खरोखर फरक पडतो, म्हणून ते लोक दर वर्षी प्रतिस्पर्ध्यांच्या गेल्या हंगामातल्या विजयांची टक्केवारी काढून क्रम लावतात. तिथेही गेल्या वर्षाचं भूत आहेच. वॉशिंग्टनचा संघ २०२३ मध्ये १७ पैकी चार सामने जिंकला, म्हणून २०२४ साठी तो "सोपा" धरला गेला, आणि त्याने बारा जिंकले. पण निदान प्रश्न तरी बरोबर आहे. आपण त्यांचा प्रश्न उचलून अशा लीगला लावला, जिथे तो लागूच होत नाही.

युरोपात तो लागू होतो ते चॅम्पियन्स लीगमध्ये. २०२४ पासून तिथे ३६ संघ आणि प्रत्येकाचे आठच प्रतिस्पर्धी. पीएसजीच्या वाट्याला बायर्न, सिटी, आर्सेनल, ॲटलेटिको माद्रिद आले. तीन हरले. सिटीविरुद्ध ०-२ वरून ४-२ केलं म्हणून तगले, आणि पंधराव्या क्रमांकावर रखडत पुढे गेले. लिव्हरपूल आठपैकी सात जिंकून पहिले. पहिलं येण्याचं बक्षीस म्हणजे पुढच्या फेरीत तळातून वर आलेला "सोपा" संघ. तो निघाला पीएसजी. पेनल्टीवर लिव्हरपूल बाहेर, आणि ३१ मे ला म्युनिकमध्ये पीएसजीने इंटर मिलानला अंतिम सामन्यात ५-० ने लोळवलं. अवघड वेळापत्रक खरंच वाट्याला आलेला संघ तो. त्यांचा हिवाळाभर जो घाम निघाला त्यातून ते काय झाले, ते मार्चमध्ये लिव्हरपूलला कळलं.

मग प्रीमियर लीगमध्ये वेळापत्रकाने अन्याय होतच नाही का? होतो. पण तो प्रतिस्पर्ध्याच्या नावात नसतो, दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत असतो. चेल्सी २०१५-१६ मध्ये दहावी आली, म्हणून पुढच्या वर्षी युरोपातल्या कुठल्याच स्पर्धेत नव्हती. कॉन्टेला खेळाडूंना घोटून घ्यायला अख्खे आठवडे मिळाले. ९३ गुण, विजेतेपद. त्याच वर्षी लेस्टर चॅम्पियन्स लीगमध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेलं आणि लीगमध्ये बारावं आलं. प्रतिस्पर्ध्यांची यादी दोघांची तीच होती. गुरुवारी रात्री युरोपाच्या दुसऱ्या टोकाला खेळून रविवारी दुपारी पुन्हा मैदानात उतरणारा संघ आणि आठवडाभर आपल्याच मैदानावर सराव केलेला संघ, यांच्यासाठी तोच प्रतिस्पर्धी सारखा कसा असेल?

आणि हे जूनच्या वेळापत्रकात दिसतच नाही. त्या तारखा कच्च्या. टीव्हीच्या सोयीने सामने शनिवारवरून रविवारी, सोमवारी सरकतात, दुपारचे रात्री होतात. क्लॉप लिव्हरपूलला असताना शनिवारी दुपारी साडेबाराच्या सामन्यांवरून सतत कुरकुरायचा आणि आपण सगळे हसायचो, "झालं याचं सुरू." पण वेळापत्रकाबद्दलची शहाणी तक्रार तीच होती. ती कोण आलं याबद्दल नव्हती, कधी आणि किती थकून आलो याबद्दल होती. ज्या गोष्टीबद्दल कोणाला तरी जाब विचारता येतो, प्रक्षेपण करणाऱ्यांना, लीगला, तिच्यावर आपण हसतो. आणि ज्याबद्दल कोणालाच जाब विचारता येत नाही त्या लाल चौकोनावर रडतो.

मला सगळ्यात जास्त खुपतो तो हिरवा चौकोन. हिरवा म्हणजे काय? "हे तीन गुण आमचेच आहेत, फक्त जाऊन आणायचेत." एखादा क्लब, त्याचं मैदान, पिढ्यानपिढ्या तिथे जाणारे लोक, आणि आपण पुण्यात बसून त्यांना जूनमध्येच हरवून मोकळे. मग ते जिंकले की आपला संघ "फेकला" म्हणायचं, ते चांगलं खेळले असं नाही. मी सालाहच्या त्या शनिवारी फॉरेस्टच्या बचावफळीबद्दल एक शब्द बोललो नाही. नंतर सामन्याची क्षणचित्रं पुन्हा पाहिली तेव्हा लाज वाटली.

जुलै २०२५ मध्ये, आमचं लाल-हिरवं चालू असतानाच, इंडियन सुपर लीगच्या क्लबांना कळवलं गेलं की हंगाम थांबवलाय. फेडरेशन आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातला करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि पुढचं काहीच ठरलेलं नव्हतं. ग्रुपमध्ये मडगावचा एक मित्र आहे, एफसी गोवाचा कट्टर. एरवी तो फारसं बोलत नाही. त्याने आमच्या रक्तबंबाळ तक्त्याखाली एक कोरा तक्ता टाकला. ओळी होत्या, खाने होते, एकाही खान्यात संघ नव्हता. त्यावर कोणी हसणाऱ्या इमोजीसुद्धा टाकल्या नाहीत.

स्क्रिप्ट मी फेकून दिलेली नाही. रंगांची रकाना काढून टाकलाय. आता प्रत्येक सामन्यासमोर तीन आकडे येतात: आपल्याला आधीच्या सामन्यापासून किती दिवस विश्रांती, त्यांना किती, आणि मधला सामना खेळायला कोण किती लांब गेलं होतं. टीव्हीच्या तारखा जाहीर होतात तसतसे ते बदलतात. ग्रुपवर टाकलं तर पहिला प्रश्न आला, "यात लाल कुठलं?"