बिनतारी चार्जर आणि चेन्नईचा उकाडा

रामेश्वरच्या यात्रेला गेलेल्या मराठी माणसांना चेन्नईचे एग्मोर स्टेशन ठाऊक असतेच. १९०८ साली सुरू झालेल्या या स्टेशनाच्या आसपास नोकरी-व्यवसायासाठी राहणाऱ्यांना मात्र तिथला उकाडा अधिक ठाऊक असतो. मे महिन्यात 'अग्निनक्षत्रम्' लागले की पारा चाळिशीजवळ जातो आणि रात्रीही खोलीतल्या भिंती तापलेल्याच राहतात. अशा खोलीत उशाशी बिनतारी चार्जर ठेवून त्यावर रात्रभर मोबाइल पडलेला असतो. सकाळी हातात घ्यावा तर तो चांगलाच कोमट!

हा कोमटपणाच बॅटरीचा शत्रू आहे. बिनतारी चार्जरच्या तबकडीत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते आणि तसेच एक वेटोळे मोबाइलच्या पाठीत असते. फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेल्या तत्त्वानुसार एकातून दुसऱ्यात वीज उतरते. पण ती सगळी उतरत नाही. तारेने चार्ज करताना वाया जाते त्यापेक्षा इथे जास्त वीज वाया जाते आणि तिची उष्णता होते. मोबाइल तबकडीच्या मधोमध नसेल किंवा कव्हर जाड असेल, तर उष्णता आणखी वाढते. २०२३ मध्ये आलेल्या 'क्यूआय-टू' पद्धतीत लोहचुंबकामुळे मोबाइल नेमक्या जागी बसतो, एवढा फायदा.

लिथियम बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत: उष्णता आणि तासन् तास शंभर टक्के भरलेले राहणे. अ‍ॅपल कंपनी तर पस्तीस अंशांवरच्या हवेत फोन वापरल्यास बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते, असे स्पष्ट सांगते. चेन्नईत पस्तीस अंश म्हणजे उन्हाळ्यातला साधासुधा दिवस!

म्हणून तबकडी फेकून द्यावी असे नाही. ती पंख्याखाली, कडक पृष्ठभागावर ठेवावी. गादीवर किंवा उशीखाली कधीच नको. कव्हर काढावे. मोबाइलमध्ये ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असेल तर ती सुरू करावी. दिवसातून दोन-तीनदा थोडे थोडे चार्ज केल्याने काही बिघडत नाही. 'पूर्ण उतरल्यावरच चार्ज करा' हा वडीलधाऱ्यांचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला. घाई असेल तेव्हा आणि ऐन उन्हाळ्यात सरळ तार लावावी.

बॅटरी बदलायचा खर्च तर आहेच. पण खरी अडचण प्रवासात होते. आगीच्या धोक्यामुळे गाडीच्या डब्यातले चार्जिंग रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवण्याचे धोरण रेल्वेने २०२१ मध्ये कडकपणे अमलात आणायला सुरुवात केली. थकलेल्या बॅटरीचा मोबाइल घेऊन पहाटे अनोळखी शहरात उतरलेल्या वृद्ध जोडप्याचा विचार करा. तिकीट मोबाइलात, रिक्षाचे पैसे मोबाइलात, घ्यायला येणाऱ्या मुलाचा नंबरही मोबाइलात! तो नंबर एका चिठ्ठीवर लिहून आईच्या पर्समध्ये ठेवून द्या.

आणि मोबाइलची पाठ फुगलेली दिसली, तर त्याच क्षणी चार्जिंग बंद करावे. तो दाबून बसवू नये, टोचू नये. मुलांपासून दूर ठेवून थेट दुरुस्तीच्या दुकानात न्यावा.