डोंगरवाटांची वहिवाट

रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील चौक गावाकडून इर्शाळगडाकडे चढणाऱ्या पाऊलवाटेने मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा ती गडाची वाट आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती. दृष्टी माथ्यावरच्या सुळक्याकडे आणि त्याच्या कातळात वाऱ्यापावसाने आरपार पाडलेल्या नेढ्याकडे लागलेली असल्यामुळे, मधल्या माचीवरची ठाकरांची इर्शाळवाडी ही आम्हां चढणाऱ्यांच्या लेखी विसाव्याची, पाणी पिण्याची आणि परतताना पिठले-भाकरी मिळण्याची एक जागा एवढीच होती. पुढे त्याच वाटेने अनेकदा जाणे झाले, आणि एकदा ऐन आषाढात, डोक्यावर तांदळाचे गाठोडे घेऊन माझ्यापुढे चालणाऱ्या एका प्रौढ बाईची पावले मी निरखीत गेलो, तेव्हा ती समजूत दुरुस्त झाली. ओल्या मुरमाच्या उतारावर ज्या गुळगुळीत दगडावर मी पाय टाकू पाहत होतो, तो टाळून ती त्याच्या कडेच्या वीतभर खोबणीत टाच रोवी. ती खोबण कोणी खणलेली नव्हती, तिच्यासारख्यांच्याच टाचांनी ती पिढ्यान्‌पिढ्या पडत आली होती. वाट गडाची नव्हती, वाडीची होती. आम्ही तिच्यावरून वर्षाकाठी एकदोनदा जात होतो. वाडीतली माणसे मीठमिरचीसाठी, बाजारासाठी, मजुरीसाठी आणि प्रसंगी आजाऱ्याला झोळीत घालून दवाखान्यात नेण्यासाठी रोज जात होती.

त्या वाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे मिळाली नाहीत, आणि चौथ्या दिवशी शोध थांबवून त्या बेपत्ता माणसांची गणना मृतांत करण्यात आली. पावसाने आणि ढगांनी हेलिकॉप्टरचा मार्ग रोखला, यंत्रे वर चढू शकली नाहीत, आणि मदतीला धावलेल्या जवानांना, स्वयंसेवकांना व परिसरातील गिर्यारोहकांना त्याच निसरड्या वाटेने काळोखातून चढून कुदळ-फावड्याने माती उकरावी लागली. नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एका कर्मचाऱ्याचा तर त्या चढणीवरच हृदयविकाराने अंत झाला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे पुढे शासनानेच सांगितले. हे वाक्य वाचल्यापासून माझ्या मनातून गेलेले नाही. ज्या वाटेने सुटीच्या दिवशी शहरातली माणसे रांगेने चढत होती, ज्या वाडीच्या अंगणात बसून ती चहा घेत होती, ती वाडी संकटाच्या यादीत यावी इतकी कोणाच्या नजरेला कशी पडली नाही? आम्ही चढणारेही या प्रश्नातून सुटत नाही, कारण आम्ही तिथे होतो, आणि आमचे डोळे वर सुळक्याकडे होते.

म्हणूनच माझे म्हणणे असे आहे की कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतील डोंगरवाटांची सरकारदप्तरी रीतसर नोंद झाली पाहिजे, आणि ती गडांच्या वा प्रेक्षणीय स्थळांच्या नावे न होता, ज्यांच्या पावलांनी त्या वाटा रुळल्या त्या वाड्यांच्या नावे, वहिवाट म्हणून झाली पाहिजे.

आपल्या महसुली व्यवस्थेला वाटेचे महत्त्व अज्ञात आहे असे नाही. जुना गावनकाशा उलगडला तर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेला असतो, आणि त्या पायमार्गाची रुंदीसुद्धा सव्वाआठ फूट अशी मुक्रर आहे. शेताकडे जाण्याची वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अडथळा दूर करून मागता येतो. बांधावरून वाट हवी असल्यास जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वये तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. शेतकऱ्याच्या वाटेला एवढे संरक्षण आहे, ते योग्यच आहे. परंतु मी पाहिलेल्या नकाशांत हीच तुटक रेषा भातखाचरे संपून रानाची हद्द सुरू झाली की बहुधा नाहीशी होते, आणि तिथून पुढे माचीवरच्या वाडीपर्यंत माणसे कशी जातात याविषयी कागद मौन धरतो. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने निस्तारासारखे, म्हणजे रोजच्या गरजांसाठी रान वापरण्याचे, सामूहिक हक्क मान्य केले, आणि शाळा, दवाखाना, पाणी यांच्यासोबत रस्त्यासाठीही, प्रत्येकी एक हेक्टरच्या मर्यादेत, ग्रामसभेच्या शिफारशीवरून वनजमीन वळती करण्याची तरतूद केली. म्हणजे कायद्याचे दार उघडे आहे. त्या दारापर्यंत वाडीचा अर्ज जाईल आणि अर्जासोबत नकाशा जाईल, एवढे घडवून आणणारा हात हवा.

या डोंगरांत वाडी नेमकी कुठे बसते, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक पसरून सह्याद्रीचा हा कातळ झाला. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून त्याची माची होते, आणि दोन थरांच्या सांध्यातून झिरपणारे पाणी माचीवर झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. पाणी आहे म्हणून वाडी आहे. पण अतिवृष्टीत तेच पाणी कड्याखाली साचलेल्या मातीदगडांच्या उतारात मुरते आणि त्या उताराला जडावून खाली लोटते. जिथे जगणे शक्य झाले तिथेच मरण ओढवले, याचे कारण या एका कातळरचनेत आहे. आणि म्हणूनच माचीवरच्या प्रत्येक वाडीची, तिच्या झऱ्याची, तिच्या माथ्यावरच्या भेगांची आणि तिथून खाली उतरणाऱ्या प्रत्येक वाटेची टिपणी एकत्र असणे हे पर्यटनाच्या सोयीहून फार मोठे काम आहे.

वाट दाखवणारा विस्मृतीत जातो आणि वाटेने गेलेल्याचे नाव राहते, हा या मुलखाचा जुना अनुभव आहे. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट याच चौक गावाहून डोंगर चढून गेले आणि माथेरानचा शोध त्यांच्या नावावर लागला. परंतु ते ज्या वाटेने चढले ती वाट त्या दिवशी उमटलेली नव्हती, आणि त्या पठारावर गुरे घेऊन जाणाऱ्या धनगरांना व रान धुंडाळणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांना ते पठार हरवलेले नव्हते. बोरघाटात खोपोलीच्या वरच्या अंगाला शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाचा मार्ग ज्या धनगराने दाखवला त्यालाच त्यांनी गोळी घातली, अशी त्या देवळाची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, आणि घाट चढणारे गाडीवाले अजून तिथे नाणे टाकतात. कथेचा कागदी पुरावा कोणी मागो. तिच्यात या डोंगरातल्या माणसाचे जे दुःख साठले आहे, ते मला खरे वाटते. आणि फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवरायांनी मोगल सरदार कारतलबखानाच्या सैन्याला कोंडीत धरले, त्या विजयाचा मोठा वाटा रानवाटांच्या माहितीचा होता, हे वेगळे सांगायला नको.

ज्या वाड्यांतून माणसे उठून गेली, त्या ओसाड वाड्यांच्या वाटांविषयीही मला थोडे बोलायचे आहे. कर्जतच्या पूर्वेकडील डोंगरांत, कोथळीगडाच्या पोटात कोरलेला जिना पाहायला गर्दी लोटते, पण त्या बाजूच्या एका माचीवर साताठ जोती आहेत, तिकडे कोणी वळत नाही. आमच्यासोबतच्या वाटाड्याने एका जोत्यापाशी थांबून पायाने पाचोळा बाजूला सारला, तेव्हा सपाट कातळात कोरलेले एक उखळ दिसले. ओंजळभर खोल, तळाशी गुळगुळीत, आणि एका बाजूची कड अधिक झिजलेली. कांडणारी बाई कोणत्या बाजूला बसत असेल हे त्या झिजेवरून कळत होते. “आजीचा हाय,” तो म्हणाला, आणि त्याने उखळातली माती बोटाने काढून टाकली. जवळच शेंदूर फासलेला एक दगड होता, आणि तो शेंदूर जुना नव्हता. आपण ज्याला अवशेष म्हणून ओलांडून जातो, ते कोणाचे तरी घराणे असते. वाडी खाली उतरली तरी देव वर राहतो, आणि देवापाशी जायची वाट चालू राहते.

हीच वाट आता दोन बाजूंनी अडू लागली आहे. पायथ्याशी फार्महाऊसचे भूखंड पडले, त्यांना तारेचे कुंपण आले, आणि ज्या बांधावरून मोळी घेऊन बाया सरळ उतरत, तिथे त्यांना वळसा घालावा लागतो; खरेदीखतात वाटेचा उल्लेख नसतो, म्हणून विकत घेणाऱ्याला ती दिसत नाही. दुसरीकडे, दर पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांवर जाण्यास मनाई हुकूम निघतात. अपघात टाळण्यासाठी ते आवश्यक असतील, मी त्यांना विरोध करत नाही. परंतु हुकुमाने येणारा थांबतो, राहणाऱ्याची सोय होत नाही.

कोणी म्हणेल की वाटांची नोंद झाली की डांबर येईल, डांबरामागून गर्दी येईल आणि रान जाईल. ही भीती मी हलकी मानत नाही, कारण कारवीच्या रानातून जाणारी, सावलीने थंड राहणारी पायवाट मलाही प्राणांइतकी प्रिय आहे. पण नोंद म्हणजे रस्ता नव्हे. सव्वाआठ फुटांचा पायमार्ग पायमार्ग म्हणूनच नोंदवता येतो, त्याला दगडी पायऱ्या आणि पाण्याला चर देता येतो, निसरड्या जागी हात धरायला आधार देता येतो, आणि एवढ्याने बाळंतिणीची झोळी लवकर खाली येते. कुठे मोटार न्यायची आणि कुठे न्यायची नाही, हे वाडीने ठरवावे; ते ठरवण्याचा अधिकार रविवारी येणाऱ्या आम्हां मंडळींना नाही.

आणि आम्हां मंडळींसाठी एक विनंती आहे, ती मी हात जोडून करतो. इर्शाळवाडीच्या मातीच्या ढिगाऱ्यावर उभे राहून छायाचित्रे काढू नयेत. तिथे ज्यांची माणसे मिळाली नाहीत, त्यांच्या दृष्टीने तो ढिगारा म्हणजे स्मशान आहे, आणि स्मशानातून जाताना आपल्याकडे माणूस आवाज खाली करतो.

पावसाळा सरला, भातकापणी उरकली की कार्तिकात या डोंगरांत मोकळे दिवस असतात. त्या दिवसांत प्रत्येक ग्रामसभेने ठराव करून वाडीतली दोन जाणती माणसे, तलाठी, वनरक्षक आणि जवळच्या गिर्यारोहक मंडळातील एकजण यांना वाटेवर पाठवावे. त्यांनी पायी चालून प्रत्येक फाटा, झरा, जोते आणि देवस्थान टिपून घ्यावे, आणि त्या टिपणाची एक प्रत तहसील कचेरीत व एक वाडीच्या शाळेत ठेवावी. सुरुवात चौकपासून करता येईल. इर्शाळवाडीची उरलेली माणसे आज तिथल्या परिसरात सिडकोने बांधलेल्या नव्या घरांत राहतात, आणि वर जाणारी वाट, तिच्यावरचा टाच रोवायचा प्रत्येक दगड, त्यांना अजून डोळे मिटून सांगता येतो.