बटण बंद केलं, प्लगचं काय?

कीबोर्ड, अॅम्प्लिफायर वापरात नसताना स्पाइक गार्डचं बटण बंद केलं की भागतं, हे मागील अंकातील पत्रलेखकाचं म्हणणं पटलं नाही. घरातलं साधं बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल आणि अर्थिंग जोडलेलंच राहतं. जवळपास वीज पडली तर वाढलेला दाब त्या वाटेनेही आत शिरतो. स्पाइक गार्डमधला व्हॅरिस्टर झटक्यागणिक झिजतो, दिवा मात्र बहुधा लागलेलाच दिसतो. तेव्हा वळवाचे ढग जमू लागताच प्लगच उपसावा, मिक्सरकडे जाणाऱ्या केबलीही सोडवाव्यात. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र त्यांना हात लावू नये. इलेक्ट्रॉनिक तानपुरा बरेच दिवस पडून राहणार असेल, तर सेलही काढावेत. ते पाझरले की आतल्या पट्ट्यांवर खार चढतो.

– एक वाचक, मिरज