नंबर आला म्हणून बाप करू नका

या सदरात आपण गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांच्याविषयी नेहमी बोलतो. आज कुत्र्याविषयी बोलायचे आहे, आणि तेही आपल्या वाडीवस्तीवरच्या नव्हे, आफ्रिकेतल्या. ‘गोठ्यातले सोडून हे कुठले खूळ काढले?’ असे कोणी म्हणेल. पण या कुत्र्याच्या पैदाशीत गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत जे घडले, त्यातून वळू निवडणाऱ्या प्रत्येक घराने घेण्याजोगे पुष्कळ आहे. तेव्हा जरा शेवटपर्यंत वाचा.

या जातीचे नाव बसेंजी. मूळ ठिकाण मध्य आफ्रिकेतले काँगो नदीचे खोरे. नराची उंची सुमारे 17 इंच, वजन 11 किलोच्या आसपास. कान ताठ, कपाळावर आठ्या, शेपटी जिलबीसारखी वळून पाठीवर बसलेली. अंगावर आखूड तांबडे किंवा काळे केस. पाय, छाती आणि शेपटीचे टोक मात्र पांढरे. हा कुत्रा आपल्या कुत्र्यांसारखा भुंकत नाही. मुका नाही बरे का, खुशीत आला की गळ्यातून लांब सूर काढतो. तिकडचे शिकारी त्याच्याकडून सावज जाळ्याकडे हाकून घेतात. भुंकत नसल्यामुळे दाट झाडीत कुत्रा कुठे आहे ते कळत नाही, म्हणून त्याच्या गळ्यात लाकडी घंटा बांधतात. आणखी एक विशेष म्हणजे याची मादी बहुधा वर्षातून एकदाच माजावर येते. एका वेताला पिल्ले चार ते सहा.

1895 साली ही कुत्री इंग्लंडातल्या क्रफ्ट्स प्रदर्शनात लोकांनी प्रथम पाहिली. पण ती डिस्टेंपरच्या साथीत लवकरच मेली. 1936 साली ऑलिव्हिया बर्न या बाईंनी पुन्हा काही कुत्री इंग्लंडात आणली, आणि पुढच्या वर्षी क्रफ्ट्समध्ये त्यांना पाहायला झुंबड उडाली. पुढे अमेरिकेतही ती गेली आणि 1940 नंतरच्या काळात तिथल्या संस्थेने या जातीची नोंदवही सुरू केली. व्हेरोनिका ट्युडर-विल्यम्स या दुसऱ्या बाईंनी तर 1959 साली दक्षिण सुदानपर्यंत जाऊन फुला नावाची मादी आणली. तिचे रक्त पुढे कितीतरी वंशांत उतरले. एवढे खरे, की बाहेरच्या देशांतली सगळी बसेंजी कुत्री मुळात मोजक्याच जनावरांपासून वाढली. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढचे सारे तिच्यावरच उभे आहे.

आता प्रदर्शनाकडे येऊ. आपल्याकडे यात्रेत खिल्लारांची निवड होते, तसाच तो प्रकार. परीक्षक कुत्रा टेबलावर उभा करून दात, खांदे, पाठ, पाय हाताने चाचपतो. नराची दोन्ही अंडे उतरली आहेत का तेही बघतो. मग कुत्र्याला दुडक्या चालीने पळवतो. बसेंजीची चाल चांगल्या घोड्यासारखी लांब ढांगेची आणि न थकणारी असावी लागते. इंग्लंडात तीन वेगवेगळ्या परीक्षकांकडून मानपत्र मिळाले की कुत्रा चँपियन होतो. अमेरिकेत 15 गुण जमवावे लागतात. तिथे खच्ची केलेला नर अशा निवडीत घेत नाहीत, कारण हे प्रदर्शन मुळात पैदाशीची जनावरे निवडण्यासाठीच असते.

नर चँपियन झाला की त्याचा भाव वाढतो. लांबून लांबून लोक माद्या घेऊन येतात. मोबदला रोख घेतात किंवा वेतातले एक निवडक पिल्लू ठरवतात. जाणता मालक आधी दोघांची ब्रुसेला रोगाची तपासणी करून घेतो, सगळे कागदावर लिहून ठेवतो, आणि नर-मादी अडकलेली असताना त्यांना ओढून वेगळे करत नाही. इथवर सगळे ठीक. घोटाळा इथून पुढे होतो.

परीक्षकाला दिसते ते कातडीच्या बाहेरचे. रक्तातला दोष त्याच्या हाताला लागत नाही. प्रत्येक पिल्लाला एकेका गुणाच्या दोन चिठ्ठ्या मिळतात असे समजा, एक आईची आणि एक बापाची. काही रोग असे असतात, की दोन्ही चिठ्ठ्या वाईट आल्या तरच जनावर आजारी पडते. एकच वाईट असेल तर ते धडधाकट दिसते, पण वाईट चिठ्ठी पुढे वाटत राहते. अशा जनावराला वाहक म्हणतात. दोन वाहकांचा संबंध आला, की सरासरीने चारातले एक पिल्लू रोगी निघते. एकाच नामांकित नराकडे सगळ्यांनी माद्या नेल्या, की त्याच्या एका चिठ्ठीच्या शेकडो नकला होतात, आणि त्याची नातवंडे-पणतवंडे आपसात फळली की रोग वर येतो.

बसेंजीत असाच एक रक्तक्षयाचा रोग निघाला. पिल्लांच्या हिरड्या पांढऱ्या पडत, ती धापा टाकत आणि ऐन तारुण्यात मरत. पुढे वाहक ओळखण्याची तपासणी निघाली, तेव्हा पैदासकारांनी घाबरून वाहक सरसकट बाद केले. तो रोग हटला, पण आधीच लहान असलेले कूळ आणखी आकसले. चांगल्या गुणांची जनावरेही त्यात गेली.

मग दुसरा रोग डोके वर काढू लागला. त्याचे नाव फँकोनी. यात मूत्रपिंड साखर आणि इतर कामाची द्रव्ये रक्तात परत ओढून घेत नाही, ती लघवीवाटे वाहून जातात. कुत्रा खूप पाणी पितो, वारंवार लघवी करतो आणि खाऊनही वाळत जातो. यातली मेख अशी, की हा रोग बहुधा चार ते सात वर्षांच्या वयात दिसू लागतो. तोवर चँपियन नराची किती वेते होऊन गेलेली असायची! बक्षीस भिंतीवर लागलेले आणि रोग घरोघर पोचलेला.

तेव्हा अमेरिकेतल्या काही पैदासकारांनी 1987 आणि 1988 साली थेट काँगो, म्हणजे तेव्हाचे झैरे, गाठले आणि खेड्यांतून नवी कुत्री आणली. 1990 साली तिथल्या संस्थेने बंद असलेली नोंदवही त्यांच्यासाठी उघडली. त्या कुत्र्यांबरोबर वाघासारखे पट्टे असलेला रंगही नोंदीत आला. 2009 ते 2013 या काळात नोंदवही पुन्हा उघडली. प्रदर्शनाचे तोंडही न पाहिलेल्या खेड्यातल्या कुत्र्यांना चँपियनांचे कूळ सावरायला बोलवावे लागले, हे विसरू नका.

2007 साली मिसुरी विद्यापीठातल्या संशोधकांनी फँकोनीची पहिली तपासणी काढली, आणि 2011 साली नेमकी तपासणी आली. गालाच्या आतून बोळा फिरवला की कुत्रा निर्दोष, वाहक की बाधित ते कळते. या वेळी शहाण्या पैदासकारांनी जुनी घाई केली नाही. वाहक नर गुणाचा असेल, तर त्याला निर्दोष मादी देतात. अशा संबंधातून रोगी पिल्लू निघत नाही. पुढे त्यातले निर्दोष पिल्लू वंशाला ठेवतात. दोष जातो, पण गुण घरातच राहतात.

आता आपल्या गोठ्याकडे या. होल्स्टिन गाईंच्या जातीतही एका गाजलेल्या वळूच्या रेतातून बीएलएडी नावाचा वारशाचा रोग देशोदेशी पसरला होता. त्यात वासरांची रोगाशी झुंजण्याची ताकद जाते. म्हणूनच आता वीर्यकेंद्रात घेण्याआधी वळूची त्यासाठी तपासणी करतात. पण घरची काळजी आपणच घ्यायची. कृत्रिम रेतन कराल तेव्हा वळूचा क्रमांक विचारा आणि वहीत लिहा. घरातल्या लिहित्या मुलीला किंवा सुनेला ती वही सोपवा, नेमाने लिहिली जाईल. कालवड माजावर आली की वही उघडा आणि तिच्या बापाचे रेत तिला देऊ नका. गावचा वळू असेल तर दोन-तीन वर्षांनी बदला, कारण तोवर त्याच्याच मुली त्याच्यासमोर येऊ लागतात. शेळ्यांच्या बोकडालाही हाच नियम. शिकारीची पश्मी किंवा कारवानी कुत्री पाळणाऱ्यांनीही एकाच नावाजलेल्या नराच्या मागे धावू नये.

वळू विकत घेताना ढोल-ताशात मिरवलेला फोटो जरूर बघा. पण त्याआधी त्याची चार वासरे कुठल्या गोठ्यात आहेत ते विचारा, आणि त्या गोठ्यात जाऊन ती उभी राहतात कशी, खातात कशी, वाढतात कशी ते डोळ्यांनी पाहून या.